ग्रानादात जे सांगायचं नव्हतं

"तिला काहीही सांगू नका. आल्हांब्रा नीट दाखवा, एवढंच," नितीन फोनवर म्हणाला.

नितीन इथे सिंगापूरच्या वुडलँड्स भागात राहणारा, आयटीतला. त्याची बायको वैशाली आमच्या महिला ग्रुपबरोबर स्पेनला, ग्रानादा प्रांतात फिरत होती. तिथला आल्हांब्रा राजवाडा बघणं अजून बाकी होतं. तिकडे साताऱ्यात तिच्या आईला मेंदूत रक्तस्राव झाला होता.

मी लिटिल इंडियातल्या एका छोट्या ट्रॅव्हल कंपनीत ऑपरेशन्स बघते. म्हणजे लोक राजवाडे बघतात आणि मी ऑफिसात बसून त्यांची बस, हॉटेल, तिकिटं सांभाळते.

"आई शुद्धीवर आहेत का?" मी विचारलं.

"मधूनमधून. वैशूला बोलवा म्हणतात."

"मग बोलवा की!"

"एवढ्या लांबून एकटी? रडून जीव अर्धा करून घेईल हो. चार दिवसांनी येतेच आहे."

लपवायची तयारी मात्र जय्यत होती. वैशालीच्या भावाने तिला वगळून नवा फॅमिली ग्रुप काढला होता. जुन्या ग्रुपवर मावश्या रोजच्यासारखं गुड मॉर्निंग टाकत होत्या. परगावी गेलेल्या माणसाला वाईट बातमी कळवायची नाही, ही आपल्याकडची माया. त्या दिवशी मला त्या मायेचा संताप आला.

ग्रुपची तिकिटं एकगठ्ठा असतात. एकटीचं बदलता येत नाही. मी नवं शोधलं. दुपारी ग्रानादाजवळच्या मालागा विमानतळाहून निघून आखातातून मुंबई, एकच सीट होती. ती होल्डवर टाकली. होल्ड म्हणजे पैसे न भरता एअरलाइन थोडा वेळ सीट राखून ठेवते. तेवढ्यात घेतली नाही तर गेली.

मग बॉसकडे गेले. तो इथलाच, जन्माने सिंगापूरचा, वाक्याच्या शेवटी 'लाह' लावून बोलणारा.

"हजबंड पेड, हजबंड सेज डोन्ट टेल. सो डोन्ट टेल, लाह."

"पॅसेंजर ती आहे," मी इंग्रजीत सुनावलं. त्याने खांदे उडवले. मी त्यालाच परवानगी समजले.

आमची टूर मॅनेजर अनघा ग्रुपबरोबर होती. तिला फोन लावला. "वैशालीला आत्ताच्या आत्ता सांग. तिचा होकार आला की तिकीट काढते. एअरपोर्टसाठी गाडी पाठवतेय."

अनघा म्हणाली, "हो, सांगते."

तिने सांगितलं नाही.

आल्हांब्रातल्या मुख्य महालात शिरायची वेळ तिकिटावर ठरलेली असते. ती चुकली की आत सोडत नाहीत. ग्रुप दारातच उभा होता. अनघाला वाटलं, बिचारी इतक्या लांब आली आहे, एवढं बघून होऊ दे. मला हे कळलं ते टूरच्या ग्रुपवर फोटो आले तेव्हा. कोरीव कमानीखाली वैशाली हसत उभी होती. मी अनघाला फोनवर फोन केले. आत गेल्यावर तिने तो सायलेंट केला होता.

त्या बाहेर येईपर्यंत होल्ड संपला. पुन्हा बघितलं तर सीट गेलेली. दुसऱ्या दिवशीची मिळाली. वैशाली मुंबईत उतरली तेव्हा आई गेल्या होत्या.

सिंगापूरला परतल्यावर ती ऑफिसात आली. शिव्या खायची माझी तयारी होती. पण ती शांतपणे खुर्चीत बसली.

"अनघाताई चांगल्या आहेत. नितीनही चांगला आहे. दादा, मावश्या, सगळेच चांगले. सगळ्यांनी माझ्यासाठीच केलं," ती म्हणाली. "आई मात्र दाराकडे बघत गेली."

दोघी रडलो.

अनघाला मी खूप बोलले. तिने एकदाही उलट उत्तर दिलं नाही. तिच्या जागी आपल्यातलं दुसरं कोणी असतं तर वेगळं वागलं असतं, अशी खात्री मला आजही देता येत नाही.

आता टूर निघण्याआधी मी प्रत्येकाला बाजूला घेऊन विचारते, "मागे घरी काही वाईट झालं, तर तुम्हाला सांगायचं की नाही?" लोक दचकतात. काही जण तोंडावर म्हणतात, निघताना काय अभद्र बोलता! पण उत्तर देतात.

आजवर एकानेही 'नका सांगू' म्हटलेलं नाही.