ढाणकी रोडची रेल्वे

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. घरात दोनच माणसं असावीत, त्यांनी अंगणात काहीतरी जगावेगळं काढावं, मग कुंपणावरून डोकावणारा प्रत्येक जण एकेक किस्सा टाकून जातो. आमच्याकडे तर तीन वर्षं नुसते डोकावणारेच होते! आता चार मित्र जमले की 'वानराचा सांग', 'बोर्डाचा सांग' सुरू होतं. म्हणून आज सगळेच सांगून टाकतो.

आधी आमची ओळख. मी उत्तम. उमरखेडात माझं फॅब्रिकेशनचं दुकान होतं. गेट, ग्रिल, कूलरचे स्टँड. बायको प्रमिला एसटीत कंडक्टर. ती रिटायर झाली तेव्हा साडी-नारळ झालं, हार झाले आणि एक पाहुणे भाषणात म्हणाले, "आता मॅडमनी आराम करावा, नातवंडांत रमावं."

आम्हाला मूलबाळ नाही. हे सगळ्यांना माहीत, फक्त पाहुण्यांना नाही.

प्रमिला उठली, माइक घेतला आणि म्हणाली, "साहेब, जन्मभर लोकाईले गाडीत बसवलं. आता माही स्वतःची गाडी काढणार हाय मी!"

लोकांना वाटलं, ट्रॅव्हल्स घेते. तिला हवी होती रेल्वे. ढाणकी रोडवरच्या आमच्या घरामागे मोकळी जागा आहे. तिथं जांभळाला वळसा घालून, हौदाच्या कडेकडेनं, पपईच्या रांगेतून फिरणारी, हातभर लांब डब्यांची, खरीखुरी चालणारी रेल्वे! परदेशातल्या एका म्हातारा-म्हातारीच्या बागेत तिनं ती मोबाइलवर पाहिली होती.

"त्या दोघाईच्यानं होते, तर आपल्यानं काहून नायी?" तिनं विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. वेल्डिंग मशीन होतं.

* * *

रुळांसाठी बारीक चौकोनी सळई घ्यायला लोखंडाच्या दुकानात गेलो. दुकानदार ओळखीचा. त्याला वाटलं, नेहमीप्रमाणे ग्रिलचं काम. प्रमिला वहीतला नकाशा काढून सांगायला लागली, की सरळ किती, गोलाई किती, पूल कुठं. तो तिच्याकडे बघेचना! प्रश्न ती विचारायची, उत्तर मला मिळायचं.

शेवटी तो म्हणाला, "वहिनी, तुमी बसा पंख्याखाली. हे काम भाऊले सांगू द्या."

"भाऊ वेल्डिंग करते," प्रमिला शांतपणे म्हणाली, "वळण कुठं घ्यायचं ते मी सांगतो. लग्न झालं तवापासून!"

दुकानदारानं मुकाट्यानं टेप तिच्या हातात दिला.

* * *

शेजारी एक रिटायर्ड गुरुजी राहतात. माणूस चांगला, पण दिवसातून तीनदा कुंपणाशी येऊन सुस्कारा टाकणार. एकदा न राहवून म्हणाले, "वहिनी, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. हे लहान लेकरांचं खेळणं. या वयात शोभतं का?"

प्रमिला खडी पसरत होती. मान वर न करता म्हणाली, "गुरुजी, तुमी दिवसभर टीव्हीवर क्रिकेट पाहून राह्यले, ते?"

"ते वेगळं."

"वेगळंच हाय. तिथं तुमी खेळत बी नायी!"

गुरुजी आठ दिवस कुंपणाशी आले नाहीत.

* * *

पण गुरुजींचा दिवस आला. मे महिन्यात! हौदाजवळचा सरळ पट्टा मी मोठ्या हौसेनं सलग वेल्ड केला होता. दोन्ही टोकं सिमेंटमध्ये पक्की. मधे सांधा म्हणून नाही. दिसायला काय देखणा! दुपारी जेवून बाहेर येतो तर काय, रूळ सापासारखा वाकडा. ऊन चढलं, लोखंड वाढलं, जागा मिळाली नाही, मग ते बिचारं फुगून एका अंगाला निघालं. तीस वर्षं लोखंडात काढलेला माणूस मी, आणि फट ठेवायला विसरलो!

गुरुजी कुंपणावर हजर. "रूळ आडवा झाला! आता तरी सोडा हा नाद."

मला खरंच वाटलं, सोडावं. डोकं धरून पायरीवर बसलो. प्रमिला आत गेली, ग्राइंडर घेऊन आली आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"जागा ठेवली नायी म्हणून वाकडा झाला ना?"

"हो."

"मंग ठेवा जागा." आणि कुंपणाकडे वळून मोठ्यानं, "लोखंडाले बी जागा लागते गुरुजी! माणसाले तर लागतेच!"

तो सगळा पट्टा आम्ही कापला आणि फटी ठेवून पुन्हा बसवला. तेव्हापासून तीन उन्हाळे गेले. रूळ हललेला नाही.

* * *

स्टेशनाचा बोर्ड मात्र पेंटरकडूनच लिहून घ्यायचा, असा प्रमिलाचा हट्ट. पिवळ्या पत्र्यावर काळी अक्षरं. आमच्या गावात रेल्वे येणार, येणार, हे मी चड्डीत होतो तेव्हापासून ऐकतोय. पेंटरनंही तेच ऐकलेलं. वीतभर पत्रा हातात घेऊन त्यानं विचारलं, "काय लिहू?"

"उमरखेड."

"निस्तं उमरखेड?"

"खाली रेल्वे स्टेशन."

त्याचा ब्रश हवेतच थांबला. "भाऊ, रेल्वे आली काय आपल्याकडं?"

"आली," प्रमिला म्हणाली.

"कवा?"

"तुमी बोर्ड लिहिला की!"

* * *

इंजिनाला जुन्या जीपच्या वायपरची मोटर बसवली. बॅटरी फवारणी पंपाची, चालू-बंद करायला रिमोट. पहिल्यांदा दोन डबे जोडून इंजिन सोडलं, आणि नेमकी त्याच वेळी वानरांची टोळी आली. एका दांडग्या वानरानं मागचा डबा उचलला आणि थेट जांभळावर! वर बसून डब्याच्या खिडकीतून बोट घालून बघतंय, आत कोण आहे.

मी दगड शोधायला लागलो. पण प्रमिलाची नोकरीची सवय उसळून आली. कमरेवर हात ठेवून, अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "ओ मामा! तिकीट काढलं काय? उतरा खाली!"

वानरानं डबा टाकून दिला. दोन चाकं निखळली, छत चेपलं. प्रमिला डबा झटकत म्हणाली, "फुकट्याईले आवाजच लागते."

* * *

पुढचं सांगताना मी जरा अडखळतो.

मागच्या वर्षी पोळ्याच्या सुमारास मला अर्धांगाचा झटका आला. दवाखान्यातून घरी आलो तेव्हा उजवा हात लुळा, जीभ जड. दुकान बंद केलं. रेल्वेचा एक पूल तेवढा राहिला होता. अंगणातल्या पाण्याच्या पाटाच्या या काठाला रूळ, त्या काठाला रूळ, मधे हातभर रिकामं.

माझी मोठी बहीण, आक्का, बोरी अरबहून भेटायला आली. वय ऐंशीच्या पुढं, पण अजून सगळं घर तिच्या धाकात. मला बघून रडली आणि मग प्रमिलाकडे वळली. "या रेल्वेनंच पाडलं माह्या भावाले. उन्हातान्हात राबवलं तू त्याले! उखडून टाक हे सारं."

"आक्का, डॉक्टरनं बीपी म्हणलं. रेल्वे नायी म्हणलं."

"मले नको शिकवू! पुढच्या वेळी येईन तवा इथं वांगे लावलेले दिसले पायजे."

आक्का गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रमिलानं जुना खाकी कोट चढवला, माझी वेल्डिंगची काच घेतली आणि माझी खुर्ची पाटाजवळ नेऊन ठेवली. "शिकवा."

आता शिकवायचं काय? रॉड पत्र्याला चिकटत होता. मला सांगायचं होतं, 'रॉड उचल'. पण तोंडातून पुढचं येईचना. "रो... रो... रो..."

प्रमिलानं काच वर केली. डोळे लाल. धुरानं म्हणा, नाहीतर कशानंही.

"मी नायी रोत!" ती म्हणाली. "तुमाले रोवाचं तर रोवा!"

मी इतका हसलो, इतका हसलो, की तोंडातून चक्क अख्खा शब्द बाहेर पडला. "उचल!"

पूल व्हायला तीन आठवडे लागले. तिचे वेल्डिंगचे टाके अजून ओबडधोबड दिसतात. जीभ सुटल्यावर मी म्हणालो, "ग्राइंडरनं घासून घे." तिनं साफ नकार दिला.

* * *

आणि हा शेवटचा. माझ्या मते सगळ्यात भारी.

पूल झाला आणि पूर्ण फेरी सोडायचा दिवस ठरवला. बुद्धवंदना झाली, चहा झाला. गुरुजीही आले, या खेपेला कुंपणाच्या अलीकडे. आम्ही गाडी रुळावर ठेवतो न ठेवतो तोच फाटक वाजलं. आक्का! न कळवता, एसटीनं.

तिनं सगळं अंगण पाहिलं. वांगी कुठंच नव्हती.

ती तरातरा आत आली आणि पपईजवळ बरोबर रुळावर उभी राहिली. दोन पाय दोन रुळांवर. काठी मधे रोवलेली. "आधी हे उखडा. मंगच मी पाणी घेईन या घरात."

आक्कापुढं आमच्या घरात कुणी कधी बोललेलंच नाही. रिमोट माझ्या डाव्या हातात. मी प्रमिलाकडे पाहिलं. वाटलं, आता ती समजूत घालेल, हात जोडेल. तिनं दोन बोटं तोंडात घालून शिटी मारली.

"सोडा!"

"अगं, आक्का..."

"सोडा म्हणलं ना! गाडीची वेळ झाली."

मी बटण दाबलं. गाडी जांभळाला वळसा घालून निघाली. हौदाची कड. नवा पूल. टाक्यांनी भार तोलला! मग सरळ पपईकडं. आक्का हालेना. दहा हात राहिले, पाच हात राहिले. गुरुजी ओरडले, "अहो, थांबवा!" माझा अंगठा बटणावर गेलाही होता.

"थांबवाची नायी," प्रमिला म्हणाली. माझ्याकडे नाही, आक्काकडे बघत.

गाडी दोन हातांवर आली तेव्हा आक्कानं काठी उचलली. मग लुगडं घोट्यापर्यंत वर धरलं, एक पाय मागं घेतला, मग दुसरा. इंजिन गेलं, एक डबा गेला, दुसरा गेला. आक्का वाकून एकेका खिडकीत बघत होती.

गाडी पपईच्या रांगेआड दिसेनाशी झाली. आक्कानं कपाळावर हाताची सावली धरली, टाचा उंच केल्या आणि मोठ्यानं ओरडली,

"पोचल्यावर चिठ्ठी टाकजो बाप्पा!"