हात वर केल्यावर चालणारी नळी

डॉ. सुलभाताईंची आणि माझी पहिली ओळख त्यांच्या ओरडण्यातून झाली. रत्नागिरीच्या रुग्णालयात मी डॉक्टर म्हणून रुजू व्हायला आले, तेव्हा त्या दारातच रुग्णवाहिकेच्या चालकावर कडाडत होत्या, "वळणावर गाडी फेकतोस काय? आत गळ्याशी नळी असलेला माणूस आहे!" मी घाबरले. चालक मात्र हसत मला म्हणाला, "बाई ओरडल्या नाहीत, तर समजायचं त्यांना बरं नाहीये."

अशा आमच्या ताई आता पंच्याहत्तर वर्षांच्या होत आहेत, आणि माझा अजून त्यांच्या वयावर विश्वास बसत नाही.

रक्ताच्या गंभीर आजारात करायचं मूळपेशींचं प्रत्यारोपण मुंबईत होतं, पण माणूस शेवटी आपल्या घरीच परततो. गळ्याजवळच्या हाडाखालून मोठ्या शिरेत घातलेली नळी काही महिने त्याच्या अंगात असते. औषध, रक्त, सगळं तिच्यातून. त्या नळीतून जंतू शिरतील याची धास्ती सगळेच घेतात. पण ती मुडपते, ओढली जाते, तुंबते, प्रसंगी तुटतेही, याची काळजी ताईंइतकी कोणी घेतलेली मी पाहिली नाही. रुग्णाला त्या मान वळवायला, खोकायला, हात वर-खाली करायला लावत आणि दर वेळी नळी तपासत. आम्ही पाठीमागे याला 'ताईंची कवायत' म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं.

दाभोळचा महेश नळी धुऊन घ्यायला आमच्याकडे यायचा. धाकट्या बहिणीने, वैशालीने, त्याला मूळपेशी दिल्या होत्या. गणपतीच्या आदल्या दिवशी तो आईला आणि वैशालीला घेऊन आला. नळी चालेना. "थांबा," म्हणत त्याने हात वर केला, आणि ती सुरू झाली. घरच्यांना ही युक्ती कधीचीच सापडली होती. सगळे हसले. ताई हसल्या नाहीत.

क्ष-किरण चित्रात नळी गळ्याचं हाड आणि बरगडी यांच्यामध्ये चिमटलेली दिसली. हात वर केला की ती फट उघडे, खाली आला की पुन्हा मिटे. ताईंनी तिच्यात काही सोडायला सक्त मनाई केली आणि ती काढून घ्यायला महेशला त्याच दिवशी मुंबईला न्यायचं ठरवलं.

आई उसळली. "अवो बाय, पोराचा नवस हाय! बरा झालो तर डोक्यावरनं गणपती मीच आणीन म्हणून. आणि हात वर असला की नळी चालते न्हवं? मग पाट डोक्यावर घेतल्यावर बरंच की!"

"आई, तार पुन्हा पुन्हा त्याच जागी वाकवली की तुटते," ताई म्हणाल्या. "ही आत तुटली, तर तुकडा थेट काळजात जाईल."

"मग नवसाचं काय?"

मला वाटलं, आता ताई कडाडणार. पण त्या आईच्या शेजारी बसल्या. "महेशच्या अंगात आज जे रक्त तयार होतंय, ते वैशालीच्या पेशी करतात. तिने पाट उचलला, म्हणजे त्याच्याच रक्ताने उचलला. देवाला हे कळत नाही होय?"

गणपती पुरुषांनीच आणायचा, हा त्या घरचा रिवाज. आई लेकीकडे वळली. मग म्हणाली, "जा गो बाय. तूच आण."

ताई स्वतः महेशबरोबर मुंबईला गेल्या. नळी अखंड बाहेर आली, पण चिमटलेल्या जागी तिला चीर पडली होती. त्या ऐन सणात घर सोडून दोन दिवस त्याच्या उशाशी बसल्या. ही माया मी डोळ्यांनी पाहिली आहे आणि ती मला आयुष्यभर पुरेल.

आज महेश ठणठणीत आहे. यंदा तो म्हणतो, गणपती मी आणणार. वैशाली म्हणते, "रक्त माझं, पाट माझा." निवाड्यासाठी दोघांनी ताईंनाच बोलावलं आहे.

ताई, हे भांडण दर भाद्रपदात होणार. भांडायला दोघंही आहेत, ते आपल्यामुळे. तो निवाडा करायला आपण शतायुषी व्हा, आणि त्या सगळ्या वर्षांत आपली प्रकृती उत्तम राहो.