भालू बघायचा तिकडे बॉल नसायचा

एक प्रसंग सोडला तर भालूनं कधी कुणाकडे बघून त्याच्याशी बोललेलं मला आठवत नाही. माणूस उद्धट नव्हता, तिरळाही नव्हता. पण तुम्ही आगाशीला त्याच्या ओट्यावर जाऊन बसलात की तो चहाचा कप तुमच्यापुढे धरणार आणि बघणार कुंपणाच्या जास्वंदीकडे. नवखा माणूस हमखास मागे वळून जास्वंदीत काय आहे ते बघायचा, आणि तोवर चहा त्याच्या शर्टावर. आम्ही कोर्टवरची माणसं, त्यामुळे आमचे कप कधी सांडले नाहीत.

भालू बास्केटबॉलचा पॉइंट गार्ड होता. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पाच जणांत एक जण बॉल खेळवत वर आणतो, कुणी कुठे पळायचं ते ठरवतो आणि ज्याचा हात मोकळा त्याच्या हातात बॉल पोचवतो. लोक टाळ्या वाजवतात त्या बास्केट करणाऱ्यासाठी. याचं नाव कुणाला माहीत नसतं. आणि या माणसानं जिकडे बॉल द्यायचा तिकडे बघायचं नसतं, नाहीतर समोरचा मधेच उचलणार. भालूच्या अंगात ते इतकं मुरलं की कोर्टच्या बाहेरही त्याची मान सरळ होईना.

आमच्या टीमचा कायदाच होता, भालूनं तुझ्याकडे बघितलं की तुला बॉल नाही. मग आपण काय करायचं? दोन्ही हात वर करायचे, 'दे' म्हणून ओरडायचं आणि बॉल आता येणारच अशा थाटात बास्केटकडे सुटायचं. समोरचे दोघे येड्यासारखे आपल्या मागे, आणि बॉल भलत्याच्याच हातात. मी शूटर होतो, पण शाळेपासून अशा रिकाम्या हातांनी इतका धावलोय की विचारू नका. दमून शिव्या घातल्या की भालू म्हणायचा, "पास्कू, नाटक चोख कर रे. तुझं नाटक फसलं तर माझा पास फुकट."

हे तो शिकला कुठे, तर त्याच्या वडिलांच्या वाडीत. नानांची केळी आणि नागवेलीची वाडी होती. विहिरीचं पाणी पाटातून सोडायचं आणि एकेका आळ्याचं तोंड उघडत, बुजवत पुढे न्यायचं, हे काम लहानपणापासून भालूकडे. पुढच्या आळ्याकडे लक्ष ठेवूनच मागचं पायानं बुजवायचं. एकदा आमच्या कोचनी त्याला झापलं, "अरे, तू स्वतः कधी टाकणार बास्केट?" तर हा म्हणाला, "सर, मी पाट आहे. पाट कधी पाणी पितो का?" कोच कपाळाला हात लावून निघून गेले. नाना मात्र त्याच्या खेळावर खूष नव्हते. "चेंडू आपटून नारळ पडतात का रे?" असं ते येताजाता विचारायचे.

लग्नातही त्यानं तेच केलं. अंतरपाट दूर झाला, मीनल समोर हार घेऊन उभी, आणि हा पठ्ठ्या बघतोय मंगलाष्टकवाल्याच्या माइककडे! सोपाऱ्याहून आलेल्या तिच्या मावश्या, आत्या कुजबुजायला लागल्या, की मुलाच्या मनात दुसरीच कुणीतरी दिसते. मीनलचे डोळे भरले. जेवणाच्या पंगतीत मी तिला गाठून सांगितलं, "वहिनी, घाबरू नका. तो बघत नाही म्हणजे बॉल तुमच्याकडेच आहे. आमच्याकडे बघतो ना, आमचं काही खरं नाही." ती खळखळून हसली होती.

तोवर भालूला एका सरकारी खात्यात खेळाडू म्हणून नोकरी लागली होती. कायमची. नानांना पहिल्यांदा त्या चेंडूचा अभिमान वाटला. आगाशीच्या बाजारात ते मासळीवालीला, भाजीवालीला, बसच्या कंडक्टरला थांबवून सांगायचे. आणि मग कुठूनशी ती लीग आली. व्यावसायिक लीग. शहरांच्या टीम, मालक, करार, टीव्हीवर सामने, पाठीवर नाव. भालूला बोलावणं आलं. खातं सोडत नव्हतं, तर यानं राजीनामा दिला.

मी त्याच्या ओट्यावर उभा राहून बोंबललो. "अरे गाढवा, लोक पर्मनंटसाठी नवस बोलतात! लीग आज आहे, उद्या नाही." तो केळीच्या घडाकडे बघत शांतपणे म्हणाला, "पास्कू, खात्यात मी खेळणारा क्लार्क आहे. मला एकदा प्लेयर व्हायचंय. नुसता प्लेयर." नाना उठले. कोयता घेऊन वाडीत गेले आणि दिवसभर नको तेवढी पानं छाटत बसले.

ती दोन वर्षं भालू काय खेळला! मी आता शाळेत पीटी शिकवतो, पोरांना अजून त्याचे पास हातवारे करून दाखवतो. सहा-साडेसहा फुटी परदेशी खेळाडू, आणि त्यांच्या काखेखालून हा आगाशीचा पाप्याचं पितर बॉल सरकवतोय. दुसऱ्या वर्षी सेमीफायनलला शेवटच्या क्षणी एका गुणानं मागे होते. भालू बास्केटखाली एकटा. कुणी नाही आसपास. टाकली असती तर आंधळ्याचीही गेली असती. पण कोपऱ्यातल्या पोराचा हात मोकळा दिसला, आणि भालूनं वर बघत त्याला पास दिला. त्या पोराचा नेम चुकला. आम्ही टीव्हीसमोर डोकं धरून बसलो. टीमच्या मॅनेजरनं विचारलं, तर म्हणे, "त्याचा हात मोकळा होता." एवढंच. मॅनेजरला पाटाचं आणि पाण्याचं काय कळणार?

पुढच्या वर्षी लीग पुढे ढकलली. मग आणखी पुढे. मग फोन उचलणं बंद झालं, आणि एक दिवस ऑफिसच्या जागी मोबाइलचं दुकान दिसलं. खात्यात परत घेईनात. शेवटी वालीवला एका गाळ्यात प्लास्टिकच्या बादल्या पॅक करायचं काम मिळालं. पहिल्याच आठवड्यात यानं छताकडे बघत बादल्यांचा गठ्ठा फेकला, तो सुपरवायझरच्या तोंडावर. आम्ही हसलो. तोही हसला. पण घरी मीनल हसली नाही, हे मी बघितलं.

त्याचं एकच चालू असायचं. "लीग येतेय रे. बोलणी चाललीयत. बोलावणं आलं आणि मी ढेरी घेऊन गेलो तर?" म्हणून फिट राहायचं, म्हणून शनिवार-रविवार गावोगावच्या स्पर्धांत खेळायचं. गुडघा कधीच गेला होता. खेळाच्या आधी गोळी, नंतर गोळी, परतीच्या गाडीत गोळी. शेंगदाण्यासारख्या खायचा. मीनलनं डबी लपवली तर मेडिकलमधून दुसरी आणायचा. मी म्हणायचो, "अरे, कोण बोलावणार तुला? लीग मेली. तिचं मर्तिक होऊन गेलं." तो जास्वंदीकडे बघून म्हणायचा, "टेन्शन नको घेऊ. येते."

लीग आली नाही. आलं ते भलतंच. पाय सुजायला लागले, तोंड सुजलं, आणि डॉक्टर म्हणाले, दोन्ही किडन्या गोळ्यांनी खाल्ल्या. मग विरारला डायलिसिस सुरू झालं. मीनलची किडनी जुळेना, भालूच्या भावाला डायबेटिस, आणि दुसऱ्या कुणाची मिळेपर्यंत हा माणूस टिकेल असं डॉक्टरांच्या तोंडावर काही दिसत नव्हतं. पाणीसुद्धा मोजून. मे महिन्यात जीव नुसता तडफडायचा. एकदा मीनलनं चमच्यानं पाणी दिलं, तर भिंतीकडे बघून मला म्हणतो, "बघ, सांगितलं नव्हतं? पाट पाणी पीत नाही." आणि हसला. मला रडू आलं. सरळ सांगतो, तिथंच आलं.

त्याच सुमारास आगाशीचं आमचं सिमेंटचं कोर्ट गेलं. जागा भाड्यानं देऊन तिथं हिरवं टर्फ टाकलं, बॉक्स क्रिकेटसाठी. बास्केटचे खांब गॅसनं कापले. डायलिसिसहून परत येताना भालूनं रिक्षा थांबवून ते सगळं बघितलं होतं, असं मीनल म्हणाली. शेवटचा खांब पडेपर्यंत थांबला, आणि मग "चल" म्हणाला.

मी शेवटचा भेटलो ती दुपारची वेळ होती. हॉस्पिटलच्या खाटेवर तो उशाला टेकून बसला होता. अंग पार वाळलेलं, फक्त हात तेवढे लांबलचक. मीनल खाटेच्या पलीकडे स्टुलावर होती, आणि त्याचा डावा हात तिच्या दोन्ही हातांत होता. तिच्याकडे तो बघत नव्हता.

मी आत आलो आणि भालूनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. सरळ, डोळ्यांत डोळे घालून. कोर्टवर बघायचा ते पळता पळता; इतक्या वर्षांत त्याचे डोळे घारे आहेत हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

"पास्कू, लीग येतेय," तो म्हणाला. "बोलावणं आलंय मला. रविवारी कोर्टवर ये, प्रॅक्टिस करू."

नजर हटवली नाही त्यानं. मीनलनं आधी त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला. लग्नाच्या पंगतीत तो कायदा तिला मीच शिकवला होता.

भालू अजून बघत होता. मी दोन्ही हात वर केले.

"दे," मी म्हटलं. "रविवारी येतो."

"चोख," भालू म्हणाला.

शनिवारी सकाळी मीनलचा फोन आला.