मुरूम लागेपर्यंत

कोरपन्यात घर विकत घ्यायचं तर माणूस आधी सोमाजीला शोधायचा, मग घरमालकाशी बोलायचा. सिमेंटच्या कारखान्यांमुळे चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराला तिकडे नोकरदारांची रीघ लागली होती, आणि भिंतीचा रंग पाहून घर घेणारे दीडशहाणे त्यांत कमी नव्हते. सोमाजी गवंडी रंगाकडे ढुंकूनही बघत नसे. सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन तो कोपऱ्याशी बसायचा आणि भिंतीला लागून खड्डा खणायचा. तिथली काळी माती मोठी बेइमान. उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि वरचं घर हलवते. मुरूम तिच्या खाली. पाया तिथवर गेलेला असला की सोमाजी मूठभर मुरूम काढून घेणाऱ्याच्या हातावर ठेवायचा. नसला तर मालकाच्या तोंडावर सांगायचा, "ह्या घरात लेकरं नोका निजवू." असे कितीतरी सौदे त्यानं मोडले आणि पोटभर शिव्या खाल्ल्या.

आता त्याचंच घर विकायला निघालं होतं. बायकोच्या, रंभाच्या पोटात गाठ होती. महिन्याभरात ऑपरेशन झालं नाही तर हातची जाईल, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि त्यातले बारा दिवस गिऱ्हाईक शोधण्यातच गेले होते. घराशिवाय विकण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं.

गिऱ्हाईक मिळालं ते गुणवंतराव, नुकतेच बदलून आलेले शाळामास्तर. सायकल कुडाच्या कुंपणाला टेकवून ते म्हणाले, "जयभीम सोमाजीभाऊ. पाया तुमीच पाहून सांगा. तुमाले सोडून मी अजून कोनाले विचारू?"

सोमाजी सब्बल आणायला वळला. दुसऱ्यांची घरं बांधता बांधता स्वतःच्या घराचा पाया त्यानं मृगाच्या तोंडावर खणायला घेतला होता; गवंड्यांची ही खोडच असते. तीन कोपऱ्यांत मुरूम लागला. मागच्या कोपऱ्यात छातीइतकं खणलं तरी काळीच माती, आणि आभाळ तर भरून आलेलं. टोपली घेऊन उभी असलेली रंभा म्हणाली होती, "भरा आता, किती खंदान?" त्यानं भरला. तेव्हापासून दर उन्हाळ्यात मागच्या भिंतीला चीर जायची आणि दर दिवाळीला तो ती चुन्यानं बुजवायचा. गावाला पाया शिकवणारे हे गृहस्थ घरी चुन्याची मलमपट्टी करत बसायचे!

सब्बल घ्यायला तो आत आला तेव्हा समोरच्या खोलीतल्या खाटेवरून रंभानं त्याचं मनगट धरलं. बाहेरचं सगळं तिनं ऐकलं होतं.

"समोरचा कोपरा खंदा. मांगं जाऊच नोका."

"हो."

"मले मरू देऊ नोका जी."

त्यानं समोरचाच कोपरा खणला. दोन हातांवर मुरूम लागला, पिवळा, खणखणीत. त्यानं मूठभर काढून मास्तरांच्या हातावर ठेवला. मास्तरांचा चेहरा उजळला.

"बस, झालं काम. मांगची खोली मोठी थंड हाय, भाऊ. माही माय लेकराईले घेऊन थितंच निजन."

भिंत अजून दहा वर्षं उभी राहील, सोमाजी स्वतःला सांगत होता. किंवा पुढच्या पावसाळ्यात बसेल. रंभाकडे मात्र अठराच दिवस होते. 'घ्या' एवढा एकच शब्द बोलायचा होता. त्यानं तोंड उघडलं आणि स्वतःचंच बोलणं ऐकून त्याला स्वतःचा संताप आला.

"गुरुजी, मांगं चला," आत रंभाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू तो म्हणाला.

मागच्या कोपऱ्यात सब्बल लोण्यात जावी तशी खाली गेली. पायाचे दगड संपले आणि त्यांच्या खालून हातात आली ती काळी, चिकट माती. सोमाजी मातीतून हात काढेचना. मास्तरांनी वाकून ती माती पाहिली. मग हातातला मुरूम त्यांनी जोत्यावर ठेवला, "माफ करा, भाऊ," म्हणाले आणि घराला वळसा घालून हळूच सायकल काढून निघून गेले.

सोमाजी आत आला. रंभा खाटेवर उठून बसली होती. तिला असं बसलेलं त्यानं आठवड्याभरात पाहिलं नव्हतं.

"मांगचा कोपरा नाई पाह्यला ना त्यायनं?"

"नाई पाह्यला."

"मंग जमलं म्हना!" ती रडू लागली, हसूही लागली. "मले जगन्याची लय आस हाय जी. तुमाले कदी बोलली नाई. कवा निघाचं आता नागपूरले?"

"सोमवारी," सोमाजी म्हणाला, आणि मातीनं भरलेले दोन्ही हात पाठीमागं धरून तिच्यासमोर उभा राहिला.