नसलेले पट्टे

भुतंखेतं, अमावास्या, लिंबू-मिरची – यातलं मी काहीही मानत नाही. पुण्यात गाड्या झेब्रा क्रॉसिंगला थांबतात, हेही मानत नव्हतो... म्हणून हे लिहिताना माझा मलाच राग येतोय.

आम्ही वारज्यात राहतो. सोसायटीच्या गेटसमोर रस्ता, रस्त्यापलीकडे ज्येष्ठांचं विरंगुळा केंद्र. बाबा गेल्यापासून आईचं जग म्हणजे ते केंद्र. सकाळी दहाला काठी घेऊन एकटी जाणार, सगळे पेपर वाचणार, कॅरममध्ये चार जणांना हरवून साडेबाराला परत. सोडायला येतो म्हटलं की, "मी काय बालवाडीत आहे?"

गेल्या उन्हाळ्यात रस्त्यावर नवं डांबर पडलं. पट्टे त्याखाली गेले, पादचाऱ्यांची पाटीही कुणीतरी काढून नेली. परत लावायला मात्र कुणाला सवड नाही! मग मी अर्ज सुरू केले. प्रत्येकाची पोच घेऊन.

आई म्हणायची, "अरे, कशाला अर्ज? थांबतात की सगळे."

मला वाटलं, माझी समजूत काढतेय. एकदा रजा होती म्हणून गॅलरीतून पाहिलं. आई कडेला येऊन उभी राहिली आणि रिक्षा, टेम्पो, दुचाक्या – सगळं थांबलं. पूर्वी पट्टे होते बरोब्बर तिथे, एका ओळीत! आई सावकाश पलीकडे गेली. पुढचे आठ दिवस ऑफिसला उशिरा जाऊन मी हेच पाहत होतो.

शेवटी खाली जाऊन एका गाडीवाल्याला विचारलं. नागपूर पासिंगची गाडी, माणूस या रस्त्याला पहिल्यांदाच आलेला.

"का थांबलात हो?"

"झेब्रा आहे ना भाऊ."

"कुठे?"

त्याने खिडकीतून मान बाहेर काढली. खाली काळंकुळकुळीत डांबर. "आत्ता तर दिसला ना मला..." म्हणाला आणि निघून गेला.

ऑफिसातल्या एकाने लगेच अक्कल पाजळली – खुणा नसल्या की ड्रायव्हर बिचकतो, जपून चालवतो. मान्य. बिचकून वेग कमी करेल हो! पण नसलेल्या रेषेवर नेमका थांबेल?

तरी मी अर्ज थांबवले नाहीत. नियम म्हणजे नियम. पट्टे रस्त्यावर हवेत, लोकांच्या डोळ्यांत कशाला? सातव्या अर्जानंतर ते आले, पांढरेशुभ्र, पाटीसकट. मी फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला.

दुसऱ्या दिवशी आई त्या पट्ट्यांपाशी वीस मिनिटं उभी होती, शेजारी मी. एक जण थांबेल तर शपथ! तिने कसंबसं पाऊल टाकलं, तर एका स्कूटरवाल्याने तिची काठी उडवली आणि वर तोच ओरडला, "आजी, बघून चाला ना!" मी त्याला जे बोललो ते इथे लिहिता येणार नाही.

आईला खरचटलंही नाही. पण त्या दिवसापासून ती केंद्रात गेलेली नाही. दहा वाजले की गॅलरीत येऊन बसते.

आठवा अर्ज लिहायला घेतलाय – पट्टे पुसून टाकण्याबाबत. पण कारण काय लिहू? मलाच माहीत नाही. काल आईला विचारलं. रस्त्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "आधी विचारायचं होतंस."