पुसलेलं गाणं

काल दुरुस्तीला आलेला कॉम्प्युटर उघडला आणि तापलेल्या धुळीच्या वासानं गडचिरोलीचं ते वसतिगृहाचं ऑफिस आठवलं. तिथल्या कॉम्प्युटरवर आधीपासून असलेला वेब सर्व्हर, म्हणजे वसतिगृहाच्या वेबसाइटची पानं दाखवणारा प्रोग्रॅम, काढून मी नवी आवृत्ती टाकली होती. पानं भराभर उघडत होती, मी खुशीत होतो.

तेवढ्यात शिपाई मडावीभाऊ आले. "मायचं गाणं लावून दे ना."

वारलेल्या आईच्या आवाजातलं गोंडी गाणं त्यांनी जुन्या सर्व्हरच्या फोल्डरमध्ये ठेवलं होतं. सर्व्हरसोबत मी तो फोल्डरही पुसला होता. दुसरी प्रत नव्हती.

मी सांगितलं तेव्हा ते पडद्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "जाऊ दे बापू, तुले काय मालूम होतं?"

तेव्हा वाटलं, सुटलो. यंदा माझी आई गेली. फोनमधला तिचा आवाज मी रोज ऐकतो, आणि रोज मनात मडावीभाऊंची माफी मागतो.