आमची ही

आयसीयूतली ती शिकाऊ डॉक्टर पोरगी कालपासून घरी गेली नव्हती. ह्यांच्या घशातली नळी सकाळीच निघाली होती आणि डोकं ठिकाणावर आहे का, ते ती बघत होती. माझ्याकडे बोट दाखवून तिने विचारलं, "आजोबा, ह्या कोण?"

"आमची ही."

"नाव सांगा ना."

हे छताकडे बघत राहिले. तिने परत विचारलं, हे परत गप्प. पोरीचा चेहरा उतरला. मोठ्या डॉक्टरांना बोलवायला निघाली.

मी म्हटलं, "थांब गं. लग्नानंतर त्यांनी कधी माझं नाव घेतलेलं नाही. शुद्धीवर आहेत म्हणूनच घेत नाहीत."

"मग काय विचारू?"

"माझी भाजी कशी असते ते विचार."

"खारट," हे घोगऱ्या आवाजात म्हणाले.

दमलेली पोरगी खाटेचा कठडा धरून हसत सुटली.

नावाचं एवढं काय असतं? नर्सबाई ह्यांना नावाने हाका मारून थकल्या होत्या. डोळे उघडले ते माझ्या 'अहो'ला.

एरवी त्या 'खारट'वरून मी भांडले असते. त्या दिवशी मात्र पुन्हा एकदा म्हणायला लावलं.